एका हाताने उघडणारा चाकू

दोन फोन

शिरड शहापूरला मी यंदा फाल्गुनात जाऊन आलो. दापोलीत कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, तिकडे बघण्यासारखं काय आहे? औंढ्याचं देऊळ आहे, नरसी आहे आणि या दिवसांत गेलात तर जिकडेतिकडे हळद आहे. पण मी काही बघायला गेलो नव्हतो. एक चाकू पोचवायला गेलो होतो, आणि तो द्यावा की नाही हे पिशवी भरताना माझं मलाच ठरवता आलं नव्हतं.

झालं असं, की दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. गेल्या श्रावणात त्यांना लकवा मारला. पाय थोडाफार वाचला, उजवा हात गेला तो गेलाच. जीभही जड झाली आहे, त्यामुळे फोनवर ते बोलतच नाहीत. त्या दिवशी मात्र एक एक शब्द जुळवून म्हणाले, "वसंता, एका हातानं उघडंल असा चाकू आण. घडीचा. डाव्या हाताचा."

मी हो म्हणून फोन ठेवला आणि दहा मिनिटांत अक्काचा फोन. गोठ्यातून बोलत असावी, मागे म्हैस ओरडत होती. त्यांनी काय मागितलं ते मला ठाऊक आहे, म्हणाली. "रिकाम्या हातानं ये, पण चाकू आणू नको." काहून म्हणून विचारलं, तर घरी बोलता येत नाही, मी नरसीला दर्शनाला येते, आधी तिथे भेट, असं सांगून तिने फोन ठेवून दिला.

आता चाकू या विषयावर मला कुणी छेडू नये. छत्तीस वर्षं एका रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधली आहेत मी. पण ही विद्या मुळात दाजींची. माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. बदली होऊन हिंगोलीला आले, तिथेच अक्काचं लग्न झालं आणि मग आमची पुढची बदली कोकणात. लग्नानंतर पहिल्या सुट्टीत मी शिरडला गेलो तेव्हा दाजींनी मला पितळी मुठीचा घडीचा चाकू दिला. दिला म्हणजे हातात नव्हे. चाकू, सुई, मिरची कुणाच्या हातात द्यायची नसते, भांडण होतं. त्यांनी तो जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, "उचल." मी सातवीत होतो. तो खिशात घालून दिवसभर उगाच ताठ चालत होतो.

कोकणात माणसाची कोयती कमरेच्या आकडीत असते, सगळ्या गावाला दिसते. तिकडच्या माणसाचा चाकू खिशात असतो, आणि दाजींनी खिशात हात घातला की आता पेरू मिळणार नाहीतर वाळूक, हे आम्हाला कळायचं. पण त्यांच्या चाकूचं खरं काम हळदीच्या दिवसांत असायचं. हळद शिजली की नाही हे लोक काडी टोचून बघतात. दाजी हळकुंड आडवं कापायचे. मधे फिकट ठिपका दिसला तर कच्ची, सगळीकडे एकच रंग आला की उतरवा. शेजारच्या रानातून माणसं बोलवायला यायची, दाजी, जरा कापून बघा म्हणून.

तर चाकू निवडायला निघालो. नखाने खाच धरून उघडायचे ते सगळे बाद, त्यांना दोन हात लागतात. बटण दाबताच पातं बाहेर येतं ते बाद, ते दाजींना शोभणारे नव्हेत. मग पात्याला अंगठ्यापुरतं गोल भोक असलेला एक मिळाला. भोकात अंगठा घालून ढकललं की उघडतो. खूश होऊन घरी आणला आणि घरी लक्षात आलं की दुकानात मी तो उजव्या हाताने उघडून बघितला होता. डाव्या हाताने उघडला खरा, पण मिटता येईना, कारण पातं अडवणारी पट्टी उजव्या अंगठ्याच्या सोयीने बसवलेली. गाढव मी! छत्तीस वर्षांची विद्या, आणि हात कोणता हेच विसरलो. तो परत केला आणि तसाच भोकाचा, पण खटका मुठीच्या पाठीवर असलेला दुसरा मागवला. पातं चार बोटं लांबीचं, मूठ शिसवीची, घामट हातातून न सरकणारी.

मग उजवा हात शालीने कमरेला बांधून मी आठ दिवस तो वापरला. उघडणं सोपं, मिटणं अवघड. पात्याची पाठ मांडीवर टेकवायची, खटका दाबायचा आणि मूठ पुढे ढकलायची. दोनदा अंगठा कापला. जेवणही डाव्या हाताने सुरू केलं, म्हटलं दाजींना काय काय अडतं ते तरी कळू दे. दोन्ही हात धड असताना ही सोंगं सुचतात, असं बायको म्हणाली. तिचं काही चुकत नव्हतं.

अक्काचं ऐकायचं की दाजींचं, ते तिकडे गेल्यावर बघू, असं म्हणून चाकू पिशवीच्या तळाशी टाकला. खरं म्हणजे मला दोघांनाही नाही म्हणवत नव्हतं.

हिंगोली

एसटीचा प्रवास सांगत नाही, कंबर अजून दुखते आहे. सकाळी हिंगोलीला उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. माझ्या लहानपणीचं हिंगोली मला कुठे सापडलं नाही, आणि सापडावं अशी माझी फार इच्छाही नव्हती. चहा घेतला. आमच्याकडच्या मानाने इतका गोड, की तिथेच उभा राहून एक ग्लास पाणी प्यायलो. बाजारातून पोत्यांनी भरलेले टेंपो जात होते आणि रस्त्याच्या कडेला हळदीची पिवळी धूळ बसली होती.

नरसीला जायला दोन तास होते. बाजारपेठेच्या एका कोपऱ्यात धारवाला बसला होता, सत्तरीचा, मेंदी लावलेली दाढी, पायाने फिरवायचं साणेचं चाक. अक्काने फोनवर जे सांगितलं नव्हतं ते मी बसमध्ये मनाशी पुरतं जुळवून ठेवलं होतं. बाईमाणूस आपल्या नवऱ्याला चाकू देऊ नको म्हणते, याचे अर्थ काही दहा निघत नाहीत. त्यामुळे मला एक युक्ती सुचली होती, आणि तेव्हा ती मला फार शहाणपणाची वाटली.

चाकू त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, याचं टोक घासून गोल करून द्या.

त्याने चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडला. धार नखावर बघितली. माल अच्छा है, म्हणाला. मग माझ्याकडे बघून विचारलं, घरात लहान लेकरू आहे का? मी नाही म्हटलं. "नोक गई तो आधा चाकू गया, भाई," तो म्हणाला. "जिसको दोगे, वो समझ जाएगा."

मी म्हटलं, तुम्ही घासा. त्याने पुढे काही विचारलं नाही. चाक फिरलं, ठिणग्या उडाल्या आणि पाच मिनिटांत माझ्या आठ दिवसांच्या चाकूचं टोक लहान मुलाच्या कात्रीसारखं बोथट झालं. मला हलकं वाटलं. आता देऊनही फारसं काही बिघडणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

नरसी

अक्का देवळाबाहेर नारळाच्या दुकानापाशी उभी होती. चार वर्षांनी भेटत होतो. ती उंचीनेसुद्धा कमी झाल्यासारखी वाटली. दर्शन घेतलं आणि कयाधूच्या काठाला एका लिंबाखाली बसलो. नदीत पाणी थोडं, शेवाळ जास्त. तिने घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. आमच्याकडे देवदर्शनाला निघालेला माणूस उपाशी जातो आणि परत आल्यावर जेवतो. तिकडे शिदोरीचं फडकं सोडल्याशिवाय दर्शन पुरं होत नाही. मी तीन धपाटे खाल्ले, तिने अर्धा कुस्करत ठेवला.

मग तिने सांगितलं. दिवाळीच्या आधीची गोष्ट. भर दुपारी ती रानातून परत आली तर बाजेवर दाजी नाहीत. गोठ्यात गेली. ते भिंतीला टेकून बसले होते, निकामी हात पाटावर मांडलेला, डाव्या हातात चाकू उघडा, आणि पाटावर रक्त. फार नाही, पण रक्त. तिने चाकू हिसकावला आणि तशीच जाऊन विहिरीत टाकला. त्याच्या आधी आठच दिवस ते म्हणाले होते, असं जगण्यात काही राम नाही म्हणून.

"मग काय म्हणाले ते?" मी विचारलं.

काही म्हणाले नाहीत. तिनेही विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्यांनी खरं सांगितलं असतं तर ती काय करणार होती? तेव्हापासून घरात विळी वरच्या फळीवर असते, खुरपी मुलाच्या खोलीत कुलपात. हे सगळं तिने शांतपणे सांगितलं, आणि शेवटी पदर तोंडाला लावून म्हणाली, "तू न्हाई आणलास नं?"

मी म्हटलं, नाही.

माझ्या बहिणीशी मी आयुष्यात फार वेळा खोटं बोललेलो नाही, त्यामुळे तिने लगेच विश्वास ठेवला. उरलेला धपाटा तिने पटकन खाल्ला. तिला भूक लागली होती.

शिरड शहापूर

जीपने हिंगोली, तिथून औंढ्यावरून शिरड. गाव जवळ आलं तसा वास यायला लागला. शिजणाऱ्या हळदीचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगणं कठीण आहे. ओली माती आणि औषध एकत्र उकळत ठेवल्यासारखा, थोडा गोड, आणि दोन दिवस कपड्यांतून जात नाही. काळ्या रानात जागोजाग शिजवलेल्या हळकुंडांचे पिवळे पट्टे वाळत घातले होते. तांबड्या मातीच्या गावाहून गेलेल्या माणसाला ते काळं आणि पिवळं डोळ्यांत भरतं.

दाजी अंगणात बाजेवर बसले होते. पूर्वी पाहुणा आला की ते उठून वेशीपर्यंत यायचे. आता मान वळवायला वेळ लागला. उजवा हात उपरण्याखाली झाकलेला. "आलास," एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लकव्यानंतर येतं असं, त्याचा काही अर्थ नसतो, असं अक्का मागाहून सांगत होती. मला तो होता असं वाटतं.

त्यांचा मुलगा गजानन रानातून आला. पस्तिशीचा, कामसू, दिवसभराच्या हळदीने हात कोपरापर्यंत पिवळे. उद्या आपली हळद शिजवायची आहे, भाड्याचा कुकर पहाटेच येणार, असं त्याने सांगितलं. कुकर म्हणजे वाफेवर हळद शिजवायचं यंत्र, मोठमोठे ड्रम असलेलं. बोलता बोलता तो दोनदा बापाजवळून गेला, पण उद्याच्या कामाचं एक अक्षर त्यांच्याशी बोलला नाही. उर्मट मुळीच नाही पोरगं. सहा महिन्यांत सवय झाली होती, इतकंच.

जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, ठेचा, वरण. आमच्याकडे भाताशिवाय जेवण म्हणजे आजारपण. इथे भात शेवटी, तोही विचारून. दाजींचं ताट वेगळं मांडलं होतं, भिंतीकडे तोंड करून. भाकरी आधीच कुस्करून दुधात घातलेली. डाव्या हाताने जेवावं लागतं, ते चारचौघांना दिसू नये म्हणून ते लकव्यापासून असेच पाठ करून जेवतात. मला ते बघवेना. मी म्हटलं, दाजी, असं काय, इकडे तोंड करा. ते वळले, पण खाली बघत राहिले.

आणि इथे माझी फजिती झाली. आठ दिवसांची सवय अंगात मुरली होती. बोलण्याच्या नादात मी डाव्या हाताने भाकरी मोडली, भाजीला लावली आणि तोंडात घातली. दुसरा घासही डाव्याच हाताने उचलला. गजानन बघत राहिला. अक्का म्हणाली, अरे वसंता, हे काय? मी हात झटकला आणि प्रवासाने डोकं ठिकाणावर नाही, असं काहीतरी पुटपुटलो.

दाजी मात्र हसले. वाकड्या तोंडाने, पण हसले. संपूर्ण मुक्कामात तेवढंच एकदा. त्यांनी माझ्या डाव्या अंगठ्यावरच्या दोन ताज्या चिरा बघितल्या होत्या. हात धुवायला मी त्यांना धरून मोरीपाशी नेलं तेव्हा हळूच म्हणाले, "आणलास म्हण की."

मी त्यांच्या हातावर पाणी घातलं. त्यांना उत्तराची गरजही नव्हती. उद्या मला रानात ने, एवढंच म्हणाले.

रानात

रान घरापासून फार लांब नाही, पण आम्हाला पाऊण तास लागला. दाजींचा उजवा पाय मातीत ओढला जात होता. कुकर भरून वाफ सोडली होती. बायका खणलेले गड्डे मोडून टोपल्या भरत होत्या. आम्ही बांधावर आंब्याखाली बसलो. या आंब्याचं कलम मीच बांधलेलं, एका सुट्टीत येऊन. मोहर चांगला होता, पण त्याच्याकडे बघायची माझी मनःस्थिती नव्हती.

बसताना उपरणं सरकलं आणि मला त्यांचा हात दिसला. बोटं आत वळून मूठ झाली होती. नखं वाढून तळहातात रुतली होती, आणि रुतलेल्या जागी कातडी काळीनिळी झाली होती. मी म्हटलं, दाजी, ही नखं कुणी काढत का नाही?

त्यांनी कुकरकडे बघत तुटक तुटक सांगितलं. त्या दिवशी गोठ्यात ते हेच करत होते. पन्नास वर्षं नखं चाकूनेच काढली, पण अशी वळलेल्या मुठीतली, एकट्या डाव्या हाताने कधी काढली नव्हती. चाकू घसरला, बोट कापलं. तेवढ्यात अक्का आली. तेव्हापासून त्या हाताला त्यांनी कुणालाच हात लावू दिला नाही.

"मग अक्काला सांगितलं का नाहीत तुम्ही? पाच महिने झाले!"

"तिनं इच्यारलं न्हाई," दाजी म्हणाले. मग म्हणाले, "आन् तुला खरं सांगू का, वसंता? नखंच काढून राहिलो व्हतो. पण मनात काय व्हतं त्या दिशी, ते मलाबी बराबर सांगता यायचं न्हाई."

पिशवी मांडीवर होती. मला वाटलं, हे त्यांनी सांगायला नको होतं. आणि लगेच वाटलं, हे सांगणाऱ्या माणसाला नाही म्हणायला मी कोण? मी चाकू काढला. आमच्या दोघांच्या मधे दगडावर ठेवला. म्हटलं, उचला.

त्यांनी उचलला. भोकात अंगठा घातला. पहिल्यांदा निसटला, दुसऱ्यांदा अर्धा उघडला, तिसऱ्यांदा खट् आवाज होऊन पुरा उघडला. त्यांनी तो उन्हात धरला, मूठ दाबून बघितली, आणि मग अंगठा पात्यावरून हळूहळू टोकाकडे नेला. टोकापाशी अंगठा थांबला.

"टोक काहून काढलं?"

मी खाली बघितलं. खोटं सुचेना. दाजी नुसते म्हणाले, "चांगला हाय." त्यांनी मला तिथेच चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पहिला ड्रम उतरवायची वेळ झाली. मी त्यांना धरून कुकरपाशी नेलं आणि गजाननला म्हटलं, बाबांना एक हळकुंड दे. त्याने गोंधळून एक वाफाळतं हळकुंड काढून फळीवर ठेवलं. मी ते दोन बोटांनी धरलं, दाजींनी डाव्या हाताने कापलं. काप तिरका गेला, पण आत काय आहे ते दिसलं. मधोमध फिकट ठिपका होता, शर्टाच्या बटणाएवढा.

"कच्ची हाय," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज त्या दोन शब्दांपुरता पहिल्यासारखा आला.

कुकरवाल्याने मोबाइलवर वेळ बघितली. टाइम पुरा झालाय, म्हणाला, पुढे अजून दोन रानं करायची आहेत. गजाननने काडी टोचून बघितली, काडी गेली. त्याने बापाकडे बघितलं, कुकरवाल्याकडे बघितलं, आणि अगदी मऊपणाने म्हणाला, "चालतंय बाबा. आता मशीनला पॉलिश करतात, आतलं कोणी बघत न्हाई."

ड्रम उलटला. वाफेचा लोट आला आणि हळद ताडपत्रीवर पसरली. बायका फावडी घेऊन पुढे आल्या आणि आम्हाला बाजूला व्हावं लागलं. कापलेल्या हळकुंडाचे दोन तुकडे फळीवरून खाली पडले, तेही त्यातच गेले.

दाजींनी पात्याची पाठ मांडीवर टेकवली आणि चाकू मिटला. मी शिकवायच्या आतच त्यांना ते जमलं होतं. घरी जाऊ, म्हणाले.

अंगणात

घरी आल्यावर त्यांनी अक्काला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि बाजेवरचा चाकू बघून जागच्या जागी थांबली. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी आजवर पुष्कळांची बोलणी खाल्ली आहेत, पण त्या बघण्याने मला जितकी लाज वाटली तितकी कधी वाटली नव्हती.

दाजींनी उपरणं बाजूला केलं, निकामी मूठ मांडीवर ठेवली, डाव्या हाताने चाकू उघडला आणि बाजेवर तिच्या बाजूला ठेवला. "नखं काढ," म्हणाले.

तिने मूठ उघडली. एक एक बोट सरळ करायला तिला जोर लावावा लागत होता. तळहात दिसला तशी ती थांबली. मला वाटतं, गोठ्यातल्या त्या दुपारी काय चाललं होतं हे तिला तेव्हा कळलं, किंवा अर्धं कळलं. नखांची गोष्ट अर्धीच खरी होती, आणि उरलेली अर्धी दाजींनी तिला सांगितली नाही, मीही सांगितली नाही. ती खाली बसली आणि नखं काढू लागली. काढता काढता रडत होती, आणि दाजी भिंतीकडे बघत होते. मी उठून म्हशीला पाणी दाखवायला गेलो.

काम झाल्यावर तिने चाकू मिटला, धुतला, पुसला आणि कमरेच्या पिशवीत घातला. तिथे तिची सुपारी असते. त्यांना लागला की मागतील, मी देईन, असं ती मला म्हणाली. दाजींनी ते ऐकलं आणि मान हलवली. मी एवढी पारख करून जो चाकू रोज खिशात बाळगायला म्हणून आणला, तो दाजींच्या खिशात एक दिवसही राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दाजी दारापर्यंत आले. त्यांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि जीप येईपर्यंत काढला नाही.

पुन्हा फोन

परत आल्याला आता दोन महिने होतील. सुरुवातीला मी दर चार दिवसांनी फोन करून चाकूची चौकशी करायचो. अक्का सांगायची, आज पपई कापली, आज सुतळी तोडली. ती बाजेवर ठेवते, ते उघडतात, काम झालं की मिटून परत ठेवतात. धार आहे अजून, म्हणायची. मला बरं वाटायचं.

गेल्या रविवारी दुपारी फोन केला तेव्हा ती म्हणाली, पंधरा दिवस झाले, त्यांनी मागितलाच नाही. एक दिवस तिने आपण होऊन समोर ठेवला, तर नुसतं बघितलं आणि मान फिरवली. मी विचारलं, नखं? वाढली आहेत, म्हणाली. काढू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, राहू दे, आता रुतत न्हाईत.

मी तावातावाने बोलायला लागलो. म्हटलं, अक्का, रोज मागून घ्यायचा चाकू कुणाला हवा असतो? तो तुझ्या पिशवीतून काढ आणि त्यांच्या खिशात ठेव. विचारू नको, समजावू नको, नुसता ठेव. माणसावर एवढा विश्वास टाकायला हवा.

अक्का म्हणाली, "वसंता, तू तर टोक घासून आणलास."

ती रागाने बोलली नव्हती. तिकडे हळद पॉलिश करायचं काम चालू होतं, फिरत्या ड्रममध्ये हळकुंडं आपटल्याचा आवाज येत होता. मी फोन कानाला लावून तो ऐकत बसलो.